पायऱ्यांवर ठेवलेला खोका
खाकी पॅकिंग टेपचा वास आला की मला परदेशातलं, स्वोर्ड्स गावातलं आमचं जुनं भाड्याचं घर आठवतं. तिथे शेजारच्या खोलीत फिलिपिन्सची एक नर्स राहायची आणि तिच्या कोपऱ्यात कायम एक मोठा खोका उघडा असायचा. दर आठवड्याला त्यात साबण, कॉफी, मांसाचे डबे असं काहीतरी पडायचं, आणि भरला की तो बोटीने तिच्या आईकडे जायचा. तिचं गाव पूर्व सामार प्रांतात, अगदी किनाऱ्यावर. नारळ, मासेमारी आणि दरवर्षीची वादळं. "आमच्याकडून दोनच गोष्टी बाहेर जातात," ती म्हणायची, "खोबरं आणि आम्ही." एकदा झाकण बसेना म्हणून मी खोक्यावर बसलो आणि तिने टेप मारली. पोचायला दोन महिने लागतील म्हणाली, तेव्हा मी विचारलं, विमानाने का नाही पाठवत? "घाई कसली? आई कुठे पळून जातेय?" खोका समुद्रात असतानाच वादळ आलं आणि लाटांनी आईला घरासकट नेलं. ती जाऊन आईला पुरून आली, पुन्हा ड्यूटीवर लागली. मग एका सकाळी आम्ही चहा पीत असताना खोका पोचवणाऱ्या माणसाचा फोन आला. पत्त्यावर घर नाही, नुसत्या पायऱ्या आहेत, खोका कुठे ठेवू, असं तो विचारत होता. "पायऱ्यांवरच ठेवा," ती म्हणाली, "लोक नेतील." आणि तिने कप विसळायला घेतला. आता मी रत्नागिरीला आईला साधा स्वेटरसुद्धा विमानाने पाठवतो. दर वेळी ती फोनवर म्हणते, "अरे, एवढी घाई कसली?"