स्लरी मळणारे हात

मुरबाडच्या ज्या कंपनीत मी माल भरण्याचं काम बघते, तिथे धुण्याच्या पावडरीला लागणारं रसायन तयार होतं. सगळे त्याला स्लरी म्हणतात. काकवीसारखी दाट, काळपट. पावडरीचा फेस तिच्यामुळेच होतो, म्हणून लोकांना वाटतं ही साबणाचीच बहीण. साबण कसला, ॲसिड आहे ते. कातडीला लागलं तर जाळतं, डोळ्यात गेलं तर डोळा घेऊन जातं. नव्या कामगाराचा चष्मा कपाळावर चढलेला दिसला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. माघारी मला काय म्हणतात ते ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

घरी मात्र माझी शेळी व्हायची. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांच्या बचत गटाने पावडर करायला घेतली होती आणि गटाच्या प्रमुख होत्या माझ्या सासूबाई. स्लरीचा कॅन विकत आणायचा, घमेल्यात धुण्याचा सोडा घ्यायचा, वरून स्लरी ओतायची आणि मळायचं. उघड्या हातांनी. जन्मभर तांदळाची उकड मळलेले ते हात. किती ओल राहिली, गोळा कधी मोकळा होईल, हे त्यांना बोटांनी कळायचं. मी हातमोजे आणून दिले. मोज्यातून काही कळत नाही म्हणाल्या आणि खिळ्याला टांगून ठेवले. बोटांची सालं निघायची, त्यावर खोबरेल चोळायच्या. मी बघायचे आणि गप्प बसायचे. सासूला कोण शिकवणार?

एप्रिलमधला रविवार होता, म्हणून मी घरी होते. कॅन नवा, काठोकाठ भरलेला. सासूबाईंनी तो उचलून तिरका केला. भरलेला कॅन ओतताना आत हवा शिरते आणि माल गचका देऊन बाहेर येतो; कंपनीत आम्ही म्हणूनच हातपंपाने काढतो. तसाच गचका बसला, स्लरी सोड्यावर आपटली आणि उडालेला थेंब थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

शेजारची बाई वाटी घेऊन धावत आली. आमच्याकडे डोळ्यात काही गेलं की बाळंतिणीचं दूध घालतात. लहानपणी माझ्याही डोळ्यात घातलेलं आहे. वाटी पापणीपर्यंत आली तेव्हा मी तिचा हात ढकलला. सासूबाईंना ओट्यावर आडवं केलं, पापणी बोटांनी उघडी धरली आणि तांब्याने पाणी सोडायला लागले. पंधरा मिनिटं, सलग, एक मिनिट कमी नाही, असं मी स्वतःच कामगारांकडून घोकवून घेते. पण कंपनीत त्यासाठी वेगळा नळ आहे. इथे तानसा धरण जवळ असलं तरी ते पाणी मुंबईचं, आणि आमची विहीर एप्रिलात तळाला गेलेली. आमचा हंडा बघता बघता संपला. घरोघरचे हंडे आणा, असं मी ओरडून सांगितलं. बायका घुटमळल्या, कारण तेवढंच पाणी प्रत्येकीला उद्यापर्यंत पुरवायचं होतं. पण आणले.

सासूबाई खालून म्हणाल्या, "बस कर गो. पोरांना प्यायला काय राहील?"

"आई, तुमी गप पडून रावा."

त्यांच्याशी असं मी जन्मात पहिल्यांदा बोलले. मोबाइलवर पंधरा मिनिटं झाली तरी थांबले नाही. शहापूरच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत जीपमध्ये बाटलीने धार धरून होते.

डोळा वाचला. थोडं धूसर दिसेल, पण धुतला नसता तर गेलाच असता, असं डॉक्टर म्हणाले. गावात माझं कौतुक झालं आणि मला लाज वाटत राहिली. कंपनीत परक्या पोरांचे डोळे राखायला मी घसा फोडते, आणि घरच्या माणसाला मान द्यायचा म्हणून दोन वर्षं तोंड शिवून बसले होते. असला मान काय चुलीत घालायचा?

महिन्याभराने गट पुन्हा बसला. मी हातपंप आणला, मळायला लाकडी उलथनं आणलं, सगळ्यांना चष्मे आणि मोजे आणले, भरलेले दोन हंडे बाजूला झाकून ठेवले. कोणालाही विचारलं नाही. सासूबाई सवयीने घमेल्याशी जाऊन बसल्या. मी मागून चष्म्याचा पट्टा त्यांच्या डोक्यावर ओढला.

"घट्ट होतंय गो."

"होऊ दे."

मग शेजारी बसून त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि मोजा चढवायला लागले. सांधे जाड झालेले; एकेक बोट हळूहळू आत बसवावं लागलं. मोजा बसला, तसा त्यांनी आपणहून दुसरा हात पुढे केला.