ट्रकसाठी टर्बोचं स्थळ

इकडे ये, जवळ बस. इतक्या लांबून बोललीस की मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच जुळवते, मग भांडणं होतात. काय म्हणालीस, तुझे आजोबा लहरी होते? नातीच्या तोंडी शोभतं का हे? लहरी माणूस अधूनमधून का होईना, शुद्धीवर येतो. तुझ्या आजोबांनी ती सवलत कधी घेतलीच नाही. अख्ख्या माळव्यात डिझेलच्या ट्रकला उपवर मुलगा मानणारा हा एकच माणूस झाला, आणि तो माधवनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

संस्थान होतं तोवर ते सरकारी मोटारखान्यात होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मिटला, आणि त्यांनी लढाईतून उरलेला एक जुना ट्रक घेतला. त्याला ते 'चिरंजीव' म्हणत. थंडीत त्याच्या बॉनेटवर रजई घालत आणि स्वतः मात्र चादरीत कुडकुडत. हॉर्न वाजवायचा नाही, कारण मुलांनी मोठ्यांसमोर आवाज चढवू नये. रस्त्यात बैलगाडी आडवी आली की स्वतः खाली उतरून गाडीवानाला नमस्कार करायचे आणि बाजूला व्हायची विनंती करायचे. तुझी आजी म्हणायची, "माझ्या पोटच्या पोरांना गोवर आली तेव्हा हे एवढे जागले नव्हते हो!" पण चिरंजीवांना दम नव्हता. माल भरून चढावर आले की धापा टाकत काळा धूर ओकायचे.

अशात नवं राज्य झालं, राजधानी भोपाळ ठरली, आणि आमच्या आळीतली मराठी घरं सरकारी दप्तरांच्या मागून निघाली. ती सगळी बिऱ्हाडं हलवायचं तुझ्या आजोबांनी अंगावर घेतलं. पहिलं आमचं. ते नीट पोचलं तर बाकीची मिळणार, नाहीतर मंडळी सामान रेल्वेने पाठवणार आणि चिरंजीव भंगारात जाणार. देवास गेटचा भंगारवाला तर ट्रक दिसला की हसून विचारायचाच, "बाबूजी, आज तौल लें क्या?"

चिरंजीवांच्या धापांवरचा उपाय त्यांनी चंबळेच्या धरणाच्या कामावर पाहिला होता, टर्बोचार्जर. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर एक चाक फिरतं, आणि त्याच्या जोरावर दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मला म्हणाले, "वहिनी, घरातली किरकिर चुलीत घालून तिच्यावरच स्वयंपाक करायचा, तसं यंत्र आहे बघा." तिथल्या जुन्या मालातून त्यांनी दोन आणले. एक परातीएवढा, दुसरा नारळाएवढा. कोणता बसवायचा?

मग काय, बघण्याचा कार्यक्रम! अंगणात दोन पाट, पाटांवर दोघी, वर धुतलेले रुमाल. ट्रकला आंघोळ आणि टिळा. आमच्या ह्यांना वराकडचे वडीलधारे म्हणून कोट घालून बसवलं. तुझ्या आजोबांनी एकेकीचं चाक बोटाने फिरवलं, दांडा डगमगतो का ते पाहिलं, कानाशी धरून ऐकलं. धाकटी भुर्रकन फिरली. थोरली जेमतेम एक फेरा घेऊन गप्प. हे म्हणाले, "धाकटीच बरी दिसते."

तुझे आजोबा दुखावले. "थोरली घरात बसली असताना धाकटी उजवायची? दोघी एकाच घरच्या. लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?"

"धरणावरचे!"

झालं, थोरली उजवली. आणि नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशी धाकटी माझ्या मांडीवर, गोधडीत.

आमचं बिऱ्हाड भरलं आणि निघालो. सपाटीवर ट्रक असा पळाला की बघत राहावं. वेग आला तशी थोरली शीळ घालू लागली. "ऐकून राहिल्या ना वहिनी? सून गाऊन राहिली!" मग देवासच्या अलीकडे चढ लागला. वेग पडला, शीळ बंद झाली, धुराने आभाळ काळं झालं, ट्रक थांबला आणि चक्क मागे सरकायला लागला. ह्यांनी उडी मारून चाकाखाली माझा पाटा घातला. मागून आलेला गाडीवान म्हणाला, "भाभीजी, बैल जोड दूं?" आणि ह्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळात हजर व्हायचं होतं.

तुझ्या आजोबांनी बॉनेट उघडलं, थोरलीवरची काजळी रुमालाने पुसली. म्हणाले, "तिचा दोष नाही, वहिनी. तिला फिरायला जेवढा धूर लागतो, तेवढा चढावर आमच्या घरात होतच नाही. मोठ्या खटल्यातली पोर ती, दोन माणसांच्या घरात काय करणार?"

"मग ही मांडीवरची कशाला आणलीत?"

"पाठराखीण आहे ती. रीत असते..."

"रीत घाला चुलीत! माझा पाटा फुटेल!"

तेव्हा कुठे पाना हातात घेतला. थोरलीला उतरवून माझ्या शालीत गुंडाळलं, कानाशी काहीतरी पुटपुटले, तिला आमच्या गादीवर निजवलं आणि धाकटीला बसवलं. ती पहिल्याच गिअरला बोलायला लागली. ट्रक हळूहळू, पण न थांबता वर चढला. वर पोचल्यावर तुझ्या आजोबांनी त्या गाडीवानाला आणि त्याच्या दोन्ही बैलांना गूळ वाटला.

ह्यांची हजेरी वेळेवर लागली, चिरंजीव वाचले. मग ट्रक असा चालला की होळीच्या आत आमची आळी रिकामी झाली. शेवटचं बिऱ्हाड उतरवून ते आमच्याकडे जेवायला आले. भात कालवत बसले, नुसता कालवतच बसले. म्हणाले, "वहिनी, काय करून बसलो बघा मी. एकेकाला आपल्या हातांनी उचलून इथे आणून ठेवलं. आता तिकडे बोलू कोणाशी?"

हे म्हणाले, "मग तूही ये इकडेच."

"सगळेच आलो तर तुम्ही परत याल तेव्हा दार कोण उघडेल?"

पेन्शन झाली आणि आम्ही परत आलो. दार तुझ्या आजीने उघडलं. एकटीनेच.

ऊठ आता, नानाखेड्याहून तुझी बस निघून जाईल. पण पुन्हा इतके दिवस लावू नकोस गं. येत्या रविवारीच ये, जेवायला तुपातले बाफले करते. त्यांचं अजून कितीतरी सांगायचं राहिलंय, आणि इथे ऐकणारं कोणी उरलं नाही.