जबड्यातली कळ

चाळिशी गाठायच्या आतच माझी गर्भपिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. रक्तस्रावातून सुटले, एवढंच तेव्हा कळलं. पुढं कितीतरी वर्षं देवळीतल्या आमच्या कापडदुकानात दिवसभर उभी असायचे; ऑपरेशन विसरूनही गेले.

एका दुपारी गठ्ठा फळीवर चढवताना जबड्यात कळ आली. दात असेल म्हटलं. मग पाठ जड झाली, अंगाला गार घाम सुटला. खाली बसले, तशी कळ ओसरली. गल्ल्यावर मोठ्या जाऊबाई होत्या.

"घाबरू नको वं," त्या म्हणाल्या. "पाळी गेल्यावर घाम येतेच. मले काय कमी आला?"

दोन दिवसांनी जिन्यावर पुन्हा तेच. या वेळी श्वासही पुरेना. खाली जाऊबाई गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, मला ऐकू येत होतं, पण हाक मारायला आवाज फुटेना. इथंच मरते की काय, असं वाटलं.

नवऱ्यानं मला जिन्यात बसलेलं पाहिलं आणि तडक वर्ध्याला नेलं. हृदयाच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंडाशयं कधी काढली?"

हृदयाचा आणि त्याचा काय संबंध, मला कळेना. त्या म्हणाल्या, "अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं. ते रक्तवाहिन्या लवचीक ठेवतं, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतं. पाळी जाईपर्यंत बायकांच्या हृदयाला त्याचा आधार असतो. तुमचा फार लवकर गेला."

माझ्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती.

"मग तेच गोळीतून द्या ना."

"आता नाही. वाहिनी बिघडल्यावर ते धोक्याचं ठरू शकतं." त्यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या.

परतताना एकदम आठवलं. जाऊबाईंचंही हेच ऑपरेशन झालेलं, तेही माझ्याहून कमी वयात! घरी पोचताच त्यांनाही तपासायला चला म्हणून मागं लागले.

"मले काई होत नाई, मी काऊन येऊ?" त्या ऐकेनात.

"तुमी नाई आल्या, तं मीही गोळ्या घेत नाई."

तेव्हा कुठं आल्या. त्यांचं हृदय ठीक निघालं, पण रक्तदाब इतका चढलेला की नर्सनं दोनदा मोजला. बाहेर येऊन त्या माझ्याजवळ बाकावर टेकल्या.

"मले तं काईच कळत नोतं वं," त्या हळूच म्हणाल्या.

मीही घाबरलेलीच होते. त्यांचा हात धरून बसले. नंबर आला, तशा औषधं घ्यायला दोघी मिळूनच उठलो.