बैलाच्या कपाळपट्टीवरचा बिल्ला

प्रज्ञाने रुमालाची गाठ सोडून एक पितळी बिल्ला माझ्यापुढे ठेवला. “काका, कमिटीवाले म्हणून राहिले का हा बैलाचा दागिना हाय. तुमी पाहून सांगा.”

प्रज्ञा रामाकोना गावची, तिथल्याच शाळेत शिकवते. बाहेर जाऊन गावाचं नाव काढलेल्यांचा फलक समाजभवनात लागणार होता. तिच्या आजोबांचं नाव कमिटीने गाळलं. ते जहाजावर कॅप्टन होते असं घरचे सांगत, पण कागद एकही नाही. उरला होता हा बिल्ला, आणि आजोबा गेल्यावर घरच्यांनी तो बैलाच्या कपाळपट्टीला शिवलेला. लोकांनी तो पोळ्यालाच पाहिला. ‘कसलं जहाज, नागपूरला हमाली करत होता’ हे तिच्या वडिलांनी जन्मभर ऐकलं.

मी जवळच्याच सौंसरचा, अठ्ठावीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो. म्हणजे माल आणि प्रवासी नेणारी व्यापारी जहाजं. लढणारं नौदल वेगळं. हे समजावून मी थकलो आहे.

बिल्ल्यावर दोर गुंडाळलेला नांगर होता, भोवती पानं, मध्ये इवलासा झेंडा. प्रत्येक शिपिंग कंपनीचा स्वतःचा झेंडा असतो, त्याला हाउस फ्लॅग म्हणतात. कंपनी ओळखायची ती त्यावरून. पण या झेंड्यावर रंगच नव्हता. दर पोळ्याला चिंच आणि विटेची पूड लावून घासल्याने एनॅमल, म्हणजे धातूवर भाजून बसवलेला रंग, निघून गेला होता. पुरावाच घासून टाकलात, असं मी तिला रागाने बोललो. तिचा काय दोष, पण बोललो.

मग घड्याळजीकडून भिंग आणलं. एनॅमल गेलं तरी रंग वेगळे ठेवणाऱ्या धातूच्या बारीक रेषा राहतात. एक तिरपा पट्टा दिसला, पट्ट्यात चौकट. कोपऱ्यात खसखशीएवढा निळा कण अडकलेला. माझ्याकडच्या हाउस फ्लॅगच्या जुन्या तक्त्यात एकच कंपनी जुळली, ती कधीच बंद पडली आहे. मागे दोन कड्या होत्या. जहाजावरच्या टोपीला बिल्ला लावताना त्या कापडातून आत घालून पिन अडकवतात. बैलासाठी कोणी अशा कड्या करत नाही. कपाळपट्टीला शिवायला घरच्यांनी पानांतून वेगळी भोकं पाडली होती, चक्क खिळ्याने.

म्हणजे बिल्ला जहाजावरच्या टोपीचाच. पण मला आणखी एक गोष्ट दिसली होती. ऑफिसरचा बिल्ला काळ्या कापडावर जरीने भरलेला असतो. ठोकून काढलेला पितळी बिल्ला क्रूचा, म्हणजे खालच्या कामगारांचा. आजोबा कॅप्टन नव्हते, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

तिने बिल्ला उलटा करून कड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मंग खलाशी लिहा म्हणते मी. खोटं नको. पण नाव पायजे.”

कमिटीच्या बैठकीत मी भिंग, तक्ता आणि कड्या सगळ्यांना दाखवल्या. अध्यक्षांनी जहाज मान्य केलं. पण म्हणाले, “कॅप्टन असते तं लिवलं असतं. खलाशाचं का लिवाचं?”

माझं डोकं फिरलं. याच कमिटीने गेल्या वर्षी माझा सत्कार केला होता, पत्रिकेवर ‘कॅप्टनसाहेब’ छापून. मी कॅप्टन नव्हतो. क्वार्टरमास्टर होतो. ऑफिसर सांगेल तसं सुकाणू फिरवायचं, बंदरात शिडीपाशी उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर लोक कॅप्टन म्हणू लागले. मला गोड वाटलं, मी दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

मी उभा राहिलो. “मीबी क्रूच होतो. असाच पितळेचा बिल्ला लावत होतो. मागच्या साली तुमी मले शाल देली. वापस पायजे का?”

अध्यक्ष पाणी प्यायले. मी प्रज्ञाच्या आजोबांचं नाव लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सही होईपर्यंत बसलो नाही.

फलकावर नाव लागलं, पुढे ‘खलाशी’. अक्षरं फलकावरच्या तहसीलदारांच्या नावाएवढीच आहेत, कारण पेंटरच्या शेजारी प्रज्ञा पट्टी घेऊन उभी होती.

जुना बिल्ला सापडला तर घासू नका, आधी त्याची मागची बाजू बघा, एवढंच माझं सांगणं. कमिटीकडून यंदा पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाचं बोलावणं आलं नाही. प्रज्ञाच्या शाळेतून आलं. पाकिटावर माझ्या नावाखाली ‘निवृत्त खलाशी’ लिहिलेलं. मी पांढरा युनिफॉर्म इस्त्री केला आणि गेलो.