रुमालाखालचं एक बोट

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं दाबायची. जमलं तर हात तिथंच राहतो, फिसकटलं तर काढून घ्यायचा. काढून घेतलेल्याला मागं बोलवायचं नसतं, बोलावणारा हरला. या नियमावर मी ऊसतोडीच्या फडातून बाहेर पडलो, आधी बैलांची दलाली केली, मग धारूरच्या डोंगरातल्या सीताफळांचा व्यापार. माझ्याशी भाव करून कुणी हसत गेलेलं मला आठवत नाही. लेक सोडून. लहानपणी ती रुमालाखाली माझं बोट दाबून जत्रेचा पाळणा वसूल करायची.

पुढं ती पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात लागली आणि सुट्टीला आली की वाइनचं बोलू लागली. मी कान टवकारले. पिकलेलं सीताफळ थांबत नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. संध्याकाळी गिऱ्हाईक भाव पाडून मागतं आणि माझ्यासारख्या माणसाला गप्प बसावं लागतं. त्याची वाइन झाली तर फळ थांबेल, गिऱ्हाईक तिष्ठेल. लेकीनं शिकून गावी यावं, बापलेकीनं मिळून धंदा काढावा, एवढंच मी मनात धरलं.

बायको म्हणाली, "गळ्यात माळ अन घरात दारू?"

"दारू न्हाई, वाइन हाय."

"नाव बदलून बैलाची गाय व्हती का?"

लेकीनं वाइनचा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा मी तिच्याबरोबर पुण्याला गेलो. कोर्सच्या ऑफिसात टेबलामागच्या पोरगेल्या साहेबानं विचारलं, "लेव्हल काय आहे?"

"माझी लेव्हल काढतो बे?" मी उठलोच.

लेक तोंडावर ओढणी धरून हसली. "आण्णा, बसा. माझी इचारतेत. कोर्सची."

त्यानं समजावलं. पहिली पातळी नवख्यांसाठी: चव कशी घ्यायची, कशी ओतायची, कुठल्या जेवणासोबत काय द्यायचं. दुसरीत द्राक्षांच्या जाती आणि मुलुख. तिसरी अवघड, दुसरीचा अभ्यास पक्का असल्याशिवाय झेपत नाही. आणि वाइन बनवायचं शिक्षण याहून वेगळंच.

"हिला थेट तिसरीला घ्या," मी म्हणालो. "मग बनवायचंही शिकंल."

"काका, इथं भाव होत नाही."

"भाव सगळीकडं होतो."

मी गमतीनं लेकीच्या हातावर रुमाल टाकला आणि तीन बोटं दाबली. तिनं एक दाबलं. खालून सुरुवात करतेय, माझंच रक्त आहे, असं वाटून मला बरं वाटलं. मी पुन्हा तीन दाबली. पुन्हा एकच.

"पहिली पुरते, आण्णा."

"कशाला पुरते?"

"जहाजावर. परदेशात फिरणाऱ्या. जेवणघरात जागा हाय, तिथं पहिलीच मागतेत."

"अन सीताफळ?"

रुमाल हलला. तिनं हात काढून घेतला होता, आणि रुमाल माझ्या एकट्याच्या हातावर पडून राहिला.

मग मी ओरडलो. त्या साहेबावर, हॉटेलावर, समुद्रावर. ती शांतपणे म्हणाली, "तुमी न्हाई का फडावर गेलतात?"

"मी परत यायला गेलतो."

"मी कावून चालले, ते तरी इचारा की."

मी विचारलं नाही. का विचारू? आयुष्यभराचा सौदा माझ्याशी न बोलता तिनं आधीच दुसरीकडं केला होता.

आता तिचा फोन आईला येतो. बायको फोन मोठ्यानं लावते. "चव घिऊन थुकावं लागतं, आई," लेक परवा सांगत होती.

"थुकतीस न्हवं? मंग माळ शाबूत हाय," असं म्हणून बायको हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

फोन वाजला की मी खांद्यावर रुमाल टाकून घराबाहेर पडतो. पण अंगणापलीकडं पाय निघत नाही. आवाज ऐकू येईल एवढ्यावर भिंतीला टेकून उभा राहतो. ती पावसाचं विचारते, शेळीचं विचारते, यंदा डोंगरात फळ कसं धरलंय ते विचारते. एकदा तरी म्हणेल, आण्णांना दे.

मी बोलवणार नाही. हात तिनं काढला होता.