ग्रुप उडाला, उत्तर राहिलं

लोकहो, आज सकाळी आमचा नास्तिकांचा फेसबुक ग्रुप उडाला. मुलुंडपासून मालाडपर्यंतची माणसं होती त्यात. कारण काय, तर ‘भावना दुखावणारा मजकूर’. कोणता मजकूर, ते सांगत नाहीत. अपील केलं, तर चहा गाळेपर्यंत फेटाळल्याचा मेसेज हजर. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

मी किचनमध्ये आदळआपट करत होते, तेवढ्यात आमची मालवणी आई देवपूजा आटपून आली. "असां काय लिवलात गो तुमी?"

म्हटलं, शिव्या नव्हत्या गं. काल मालाडच्या एका मुलीने विचारलं होतं, ‘मी देव मानत नाही हे आईला कसं सांगू? घराबाहेर काढेल अशी भीती वाटते.’ आम्ही उत्तरं लिहायला घेतली आणि आज ग्रुपच गायब.

आईने हातातलं पूजेचं तबक ओट्यावर ठेवलं. मी तिला हेच सांगितलं होतं, तेव्हा तिने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

मग म्हणाली, "तिका सांग, आवस आरडतली, रडतली, पण जेवक वाढतलीच. माका इचार."

आई ओरडेल, रडेल, पण जेवायला वाढेलच, हे आता त्या मुलीला सांगू कुठे? तिचा नंबर नाही. खरं नावही माहीत नाही, घरच्यांच्या भीतीने टोपणनाव घेतलं होतं तिने.

म्हणून इथे लिहितेय. मालाडच्या मुली, हे उत्तर माझं नाही, रोज देवाला फुलं वाहणाऱ्या एका आईचं आहे. बाकीच्यांनो, तुमच्या ओळखीत अशी कुणी आहे का? असली तर तिला दाखवा. ही पोस्ट उडायच्या आत.