धप्पाकाकांचा हीटर

हीटर परत बंद पडला, तेव्हा धप्पाकाकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि खडसावून विचारलं, "कोणी बंद केला?"

"मी भांडी घासतेय," काकू आतून म्हणाल्या. "माझा हात तिथपर्यंत पोचत असता, तर छतावरची जळमटं मीच काढली असती. तुम्हाला गेला महिनाभर सांगत बसले नसते."

"मी हीटरचं विचारतोय!"

"आणि मी जळमटांचं सांगतेय."

काकांनी दात-ओठ खात हीटर दोन्ही हातांनी उचलला आणि "चालतोस की नाही?" असा दम देऊन खाली आदळला. हीटरची जाळी लगेच लाल होऊ लागली. काकांनी विजयी मुद्रेने मान हलवली. त्यांच्या मते जगातली निम्मी माणसं आणि झाडून सगळी यंत्रं मुळात कामचुकार असतात आणि दम दिल्याशिवाय हलत नाहीत. हीटरने हे मत पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. फक्त तो सिद्ध करायचं थांबत नव्हता, एवढीच अडचण होती.

काकांचं सगळं आयुष्य पार्सल ऑफिसच्या खिडकीमागे गेलं. खिडकीबाहेर रांग, खिडकीत काका आणि मध्ये शिक्का. हा शिक्का इतर कारकून मारत, काका हाणत. पार्सल नीट शिवलेलं नसलं की "परत न्या!" धप्प. पत्ता अर्धवट असला की "हा काय पत्ता झाला?" धप्प. शाई संपलेली असली तरी कागदाला असा खळगा पडे की तारीख बोटाने चाचपून वाचता यावी. रांगेतली माणसं त्या आवाजावरूनच ओळखत, आपलं पार्सल जातंय की आपण जातोय. निवृत्तीच्या दिवशी काकांनी शिक्का ऑफिसात जमा केला, हात मात्र घरी आणला. मूठ घरी आधीही आपटायची, पण तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाच्या जागी ती पडे. बसल्या जागी टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर खुर्चीच्या हातावर, तीही नसेल तर स्वतःच्या मांडीवर. गल्लीतल्या पोरांनी त्यांना धप्पाकाका म्हणायला सुरुवात केली, तेव्हा काका फाटकावर गेले आणि "हे नाव मला अजिबात खपणार नाही!" असं म्हणून त्यांनी फाटकावर मूठ आपटली. त्या दिवसापासून मोठी माणसंही धप्पाकाकाच म्हणू लागली.

घर वरच्या मजल्यावर होतं. खाली चष्म्यांचं दुकान. जमीन लाकडी फळ्यांची, इतकी जुनी की काकू दाराशी चालल्या की खिडकीतली कुंडी मान डोलवी. काका तावात आले की खाली चष्मेवाल्याच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरत आणि तो बिचारा गिऱ्हाइकाला म्हणे, "घाबरू नका, वर बातम्या वाचणं चाललंय."

हीटर आणला तो नातीसाठी. लेकीला मुलगी झाली होती आणि जावई कंपनीच्या कामाने बाहेरगावी जाणार होता. थंडीचे दिवस तान्ह्या पोरीला घेऊन लेक कुठे काढणार, हा प्रश्न होता. एक पर्याय आईवडिलांचा, दुसरा नणंदेचा. नणंदेचं घर नवं, खोल्या सगळ्या उबदार, शिवाय नणंद स्वभावाने गोड. या गोडपणाचा काकांना विशेष राग होता. "माणूस सदासर्वकाळ गोड कसं बोलू शकतं? काहीतरी लपवत असणार ती बाई!" धप्प. लेकीने फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाबा, मला तुमच्याकडेच यायचंय. पण खोली गरम राहायला हवी. हीटर मध्येच बंद पडत असेल तर मी एवढ्याशा जिवाला घेऊन येणार नाही."

म्हणजे नात मांडीवर खेळणार की नणंदेच्या गालिच्यावर, हे त्या उभ्या, चपट्या, पांढऱ्या डबड्यावर ठरणार होतं. काकांनी त्याच्याशी उघड वैर मांडलं.

आधी त्यांनी प्लगवर संशय घेतला. वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट बदलून दिलं, हीटर लावला, तो व्यवस्थित चालला. चहा होईपर्यंत चालला, चहा पिऊन होईपर्यंतही चालला. वायरमन सहज म्हणाला, "काका, वायरिंग जुनं झालंय तुमचं."

"जुनं? हे वायरिंग मी स्वतः उभा राहून करून घेतलंय! तुझ्या जन्माच्या आधी!" धप्प.

हीटर बंद.

"बघा," वायरमन म्हणाला, "मी काय म्हणत होतो?" आणि तो जिना उतरूनही गेला. काका त्या दिवशी जेवताना सुद्धा त्याच्याशीच भांडत होते. तो हजर नव्हता ही त्यांच्या मते त्याची पळवाट होती.

मग धुळीचा नंबर लागला. हीटरच्या मागच्या जाळीत धूळ साचली की आतला भाग जास्त तापतो आणि तो आपोआप बंद होतो, असं काकांनी सोबतच्या कागदावर वाचलं. त्यांनी जुना दाढीचा ब्रश घेतला आणि एकेक फट झाडून काढली. धूळ निघाली चिमूटभर, पण रागाला चिमूटभर पुरते. "या घरात कोणी कशाला फडकं मारतं की नाही?"

"मारते ना," काकू म्हणाल्या. "तुमच्या खुर्चीभोवती मारायला मिळत नाही, कारण तुम्ही उठत नाही."

मग मोज्यांचा नंबर लागला. काकूंनी हीटरसमोर मोजे वाळत घातले होते. काकांनी ते काठीने उचलून पुराव्यासारखे धरले. मग खिडकीची फट, मग पडदा, मग तापमानाचं बटण. सगळं तपासून झालं. हीटर मात्र कधी तासन्‌तास चाले, आणि कधी काका त्याच्याविषयी बोलायला तोंड उघडून मिटतात तोवर बंद. काकांची खात्री झाली की हा मुद्दाम करतो.

शेवटी ते हीटर काखोटीला मारून दुकानात गेले. दुकानदाराने तो काचेच्या काउंटरवर उभा केला आणि चालू केला. काका समोर स्टूल ओढून बसले. "आता बघा. कसा नाटक करतो ते बघा तुम्ही." हीटर चालत राहिला. दुकानात माणसं आली, गेली. काकांनी कंपनीला, कारखान्याला, विकणाऱ्याला आणि विकत घेण्याचा सल्ला देणाऱ्या जावयाला मिळून जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. एकदा वाक्याच्या शेवटी त्यांची मूठ वर गेलीही, पण दुकानदार किंचाळला, "साहेब, काच आहे!" काकांनी मूठ हवेतच धरली, आणि तिचं काय करावं ते न सुचल्यामुळे खिशात घातली.

"साहेब, मशीन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "इथे चालतो आणि तुमच्याकडे चालत नाही, म्हणजे..."

"म्हणजे? माझ्या घरात खोट आहे, असं म्हणायचंय?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुमचं तोंड म्हणतंय!" काका हीटर उचलून बाहेर पडले. रस्त्याने येताना दोन जणांनी विचारलं, "काका, नवा घेतला का?" त्या दोघांनाही काय उत्तर मिळालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. सामानाची मोठी बॅग होती, पण ती तिने दाराशीच ठेवली. "संध्याकाळी हे घ्यायला येणार आहेत," ती म्हणाली. "दिवसभर बघते. हीटर चालला तर बॅग उघडते, नाहीतर नणंदेकडे जाते."

"नणंदेकडे?" काका म्हणाले आणि मूठ उचलली, पण तेवढ्यात काकूंनी त्या हातात नात दिली. ती मुठीपेक्षा फार मोठी नव्हती. काकांचा चेहरा असा झाला की काकूंना बघवेना, त्या चहा ठेवायला आत गेल्या. हीटर मस्त चालला होता. खोलीत उकडू लागलं. नात झोपली, तिला टेबलाशेजारच्या खाटेवर ठेवलं.

मग लेकीने सहज विचारलं, "काय निघालं होतं हो बाबा हीटरमध्ये?"

झालं. काका सुरू झाले. वायरमन, धूळ, मोजे, दुकानदाराचं तोंड. "आणि मला म्हणतो, मशीन ठणठणीत आहे!" धप्प.

नात झोपेतच दचकली, दोन्ही हात तिने हवेत फेकले. हीटर बंद.

"बघितलंस?" काका गरजले. "बघितलास हरामखोर?" त्यांनी हीटर उचलून आदळला, तो सुरू झाला. "असा दम दिल्याशिवाय ऐकत नाही!" धप्प. हीटर बंद. नातीचे हात पुन्हा हवेत.

लेक उठली. तिने हीटर आडवा केला आणि त्याच्या तळाशी बोट लावलं. तिथे एक छोटं, स्प्रिंगवर बसलेलं बटण होतं. "हे बघा. हीटर कलंडला तर आग लागू नये म्हणून हे असतं. जमिनीने दाबलेलं असलं की हीटर चालू, सुटलं की बंद. तुमच्या फळ्या वरखाली आहेत, त्यामुळे ते जेमतेम दाबलं जातं. तुम्ही आपटलंत की फळी हलते आणि ते सुटतं. हीटर उचलून ठेवला की परत दाबलं जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे हीटर बंद पडतो म्हणून तुम्ही चिडत नाही, बाबा. तुम्ही चिडता म्हणून हीटर बंद पडतो."

काका उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले. एका यंत्राने, तेही हप्त्यावर न घेता रोख मोजून घेतलेल्या यंत्राने, त्यांच्याच घरात त्यांच्यावर पाळत ठेवावी! त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आपटलं असतं."

"मी..." मूठ वर गेली. तिघंही मुठीकडे बघत राहिली. मूठ खाली आली, पण टेबलाला न लागता, आणि काकांना असं वाटलं की वाक्य अर्धंच राहिलं. "मग हीटर सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवू. खिडकीत. किंवा त्याच्याखाली जाड सतरंजी घालू."

"सतरंजीवर ते बटण दाबलंच जाणार नाही, आणि कट्ट्यावरून खाटेला ऊब लागणार नाही," लेक म्हणाली. मग नातीचं दुपटं सारखं करत म्हणाली, "आणि हीटर काय, उचलून परत ठेवता येतो. हिचं काय? ही दचकतेय ना. मी शाळेत असताना अभ्यासाला कुठे बसायचे, आठवतंय?"

"स्वयंपाकघरात. ओट्याखाली. लहर तुझी."

"लहर नव्हती बाबा. तिथे फरशी आहे. तिथपर्यंत तुमचं टेबल पोचायचं नाही."

काकांना याचाही राग आला. नक्की कोणाचा, ते त्यांना ठरवता येईना, आणि कोणावर तरी काढल्याशिवाय राग जिरवायची त्यांना सवय नव्हती. ते खुर्चीत बसले आणि हातांच्या घड्या घालून हीटरकडे बघत राहिले. दुपारभर ते कमी बोलले. जे बोलले ते वाक्य मध्येच सोडून बोलले, त्यामुळे काकूंना दोनदा विचारावं लागलं, "पुढे?"

जावई यायच्या थोडं आधी फोन वाजला. काकांनीच उचलला. पलीकडे नणंद होती, नेहमीसारखी गोड. "काका, नमस्कार! म्हटलं, हीटरचं काही जमलं नसेल तर अगदी संकोच करू नका हं. आमच्याकडे खोली तयारच आहे. तुम्हाला या वयात उगीच त्रास नको."

या वयात! काकांचा हात आपोआप वर गेला. टेबल समोर होतं, सरळ, रुंद, सवयीचं. खाटेवर नात तोंड उघडं टाकून झोपली होती. लेक आईच्या वाळलेल्या कपड्यांची घडी घालता घालता थांबली. काकूंच्या हातातली वाटी थांबली. काकांनी त्या टेबलाकडे असं पाहिलं, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. मग ते फोन कानाला लावून, "हो, हो, फार आभारी आहे," असं म्हणत दाराबाहेर पडले, जिना उतरले, आणि खाली अंगणातल्या सिमेंटच्या खांबापाशी गेले. "ठेवतो हं," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

वर तिघींना खांबावरचा आवाज ऐकू आला, म्हणजे दोघींना. तिसरी झोपेतच होती. खांब हलला नाही. हीटरही हलला नाही. "गोड! गोड बोलून घर बांधतात लोकांच्या डोक्यावर! या वयात म्हणे!" चष्मेवाला धावत बाहेर आला, त्याने काकांना खांबाशी भांडताना पाहिलं आणि न विचारता परत आत गेला.

काका वर आले तेव्हा हात चोळत होते. खांब टेबलासारखा मऊ नसतो, हे त्यांना नव्याने कळलं होतं.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

लेकीने एकदा हीटरच्या लाल जाळीकडे पाहिलं, एकदा बापाच्या सुजलेल्या मुठीकडे, आणि दाराशी जाऊन बॅगेची चेन उघडली. दुपटी, टोपडी, बाटल्या, खुळखुळे एकेक करत बाहेर येऊ लागले. काकांच्या खुर्चीवर दुपट्यांचा ढीग झाला, त्यांच्या वर्तमानपत्रांवर बाटल्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चष्म्याच्या डबीत कोणीतरी नातीचे मोजे ठेवले.

काकांनी ते पाहिलं. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"आता काय?" काकू म्हणाल्या.

"काही नाही," काका दाराकडे वळत म्हणाले. "जरा खाली जाऊन येतो."